निनावी घड्याळाचे मूळ शोधून देणारे पेठेतले दुकान : सविस्तर अभिप्राय

पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एका पेठेत घड्याळ दुरुस्तीचे एक लहान दुकान आहे. तेथे दुरुस्तीखेरीज आणखी एक काम वेगळा मोबदला घेऊन केले जाते आणि हा अभिप्राय त्या कामाविषयी आहे. ज्या जुन्या यांत्रिक घड्याळावर कारखान्याचे नाव, चिन्ह किंवा क्रमांक यांपैकी काहीच दिसत नाही, असे घड्याळ मालकाने आणून दिले, की दुकानातले घड्याळजी ते पूर्ण उघडून तपासतात आणि ते कोणत्या देशात, कोणत्या घडणीत व साधारण कोणत्या काळात तयार झाले असावे, याचे हाताने लिहिलेले मराठी टिपण देतात. दुकानात कामाचा ढीग आधीच मोठा असल्यामुळे नाव प्रसिद्ध करू नये, अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. तरीही हा अभिप्राय लिहावासा वाटला, कारण असे काम कसे व्हायला हवे हे ठाऊक असलेला ग्राहक आपल्या गावातल्या घड्याळजींकडूनही ते नीट करून घेऊ शकेल.

मी दोन घड्याळे दिली होती. पहिले भिंतीवरचे, आठ दिवसांच्या चावीचे, टोल्यांचे. ते आमच्या घरात दोन पिढ्या ‘रेल्वेचे घड्याळ’ म्हणून ओळखले जात होते, कारण तबकडीवर जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेची आद्याक्षरे होती आणि आजोबांचे थोरले बंधू भुसावळला रेल्वेत नोकरीला होते. दुसरे मावशीच्या घरचे, काळ्या दगडी पेटीतले टेबलावरचे घड्याळ. दोन्हींवर कारखान्याचा उल्लेख कुठेही नव्हता. पहिल्या घड्याळाचे काम उत्तम झाले, दुसऱ्याचे मध्यम झाले, आणि या फरकामागे जे कारण आहे तेच या सेवेविषयी मला मुख्यत्वे सांगायचे आहे : पुरावा जिथे संपतो तिथे टिपणही संपले पाहिजे. पहिल्या वेळी हे पथ्य काटेकोर पाळले गेले, दुसऱ्या वेळी ते थोडे सुटले.

घड्याळ स्वीकारतानाच घड्याळजी दोन गोष्टी बजावून सांगतात. घरी पितळ चकचकीत करून आणू नका, आणि पेटीत पडलेले स्क्रू, तारा, कागदाचे कपटे, जुनी चावी, लंबक, यांतले काहीही टाकून देऊ नका. पॉलिशने प्लेटवरचे, म्हणजे चाके धरून ठेवणाऱ्या पितळी पत्र्यावरचे, पुसट ठसे आणि जुन्या कारागिरांनी सुईने कोरलेल्या खुणा कायमच्या जातात, हे त्यामागचे कारण. ही सूचना ते तोंडी देतात. ती छापील स्वरूपात पावतीवर असती तर अधिक बरे झाले असते, कारण बहुतेक लोक घड्याळ नेण्याआधी हौसेने ते घासूनच नेतात.

तपासणीला माझ्यासमोरच सुरुवात झाली. तबकडीवरच्या अक्षरांकडे त्यांनी पाहिलेही नाही. “आधी डायल काढू, मग बोलू,” एवढेच म्हणाले आणि आयग्लास डोळ्याला लावला. हा क्रम योग्य आहे, कारण जुन्या घड्याळाच्या तबकडीवरचे नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते. मुंबईची वेस्ट एंड वॉच कंपनी, कलकत्त्याची कूक अँड केल्वी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स या पेढ्यांची नावे आपल्याकडच्या जुन्या घड्याळांवर आढळतात. त्यांतले यंत्र मात्र स्वित्झर्लंड, इंग्लंड, फ्रान्स किंवा जर्मनीतल्या एखाद्या कारखान्यातून आलेले असे. कारखानेही सुटी यंत्रे पेटी बनवणाऱ्यांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना विकत आणि घेणाऱ्याला स्वतःचे नाव घालायचे असल्यास प्लेट कोरी ठेवत. म्हणून निनावी घड्याळ म्हणजे हलक्या प्रतीचे घड्याळ, असा जो समज बाजारात आहे, त्याला आधार नाही.

आमच्या घड्याळाची तबकडी आयग्लासखाली येताच रेल्वेचा प्रश्न निकालात निघाला. आद्याक्षरे आणि रोमन आकडे असलेला कागद अलीकडच्या छपाईचा होता. मोठे करून पाहिल्यावर रंगाचे बारीक ठिपके स्पष्ट दिसत होते. कागदाखाली जस्ताचा पत्रा होता, त्यावर मूळ पांढऱ्या रंगाचे अवशेष होते आणि आकड्यांच्या फिकट रेषा होत्या. आद्याक्षरांच्या जागी मात्र काहीही नव्हते. घड्याळजींनी पुढे असेही दाखवून दिले, की हिंदुस्थानातल्या रेल्वेने वापरलेली इंग्लिश घडणीची गोल घड्याळे बहुधा टोल्यांशिवायची आणि फ्युझीची असत. फ्युझी म्हणजे मळसूत्री खाचा असलेला शंकू. त्यावर साखळी किंवा तात गुंडाळलेली असते आणि स्प्रिंग सैल होत जाताना तिचा कमी होणारा जोर हा शंकू सावरून घेतो. आमच्या यंत्रात फ्युझी नव्हती आणि टोल्यांची संपूर्ण व्यवस्था होती. भुसावळच्या आजोबांची नोकरी खरी होती. घड्याळ रेल्वेचे असल्याचा पुरावा मात्र या घड्याळात नाही, असे टिपणात सौम्य पण स्पष्ट शब्दांत लिहिले आहे.

यानंतर पेटीची तपासणी झाली. पुष्कळ घड्याळजी पेटीकडे सुताराचे काम म्हणून दुर्लक्ष करतात, म्हणून मला हे विशेष वाटले. अमेरिकन घड्याळांच्या पेटीत मागच्या फळीवर किंवा तळाशी छापील कागद चिकटवलेला असे आणि त्याचा एखादा कपटाही पुरेसा बोलका ठरतो. कनेक्टिकटच्या सेठ थॉमस कंपनीने तर कित्येक वर्षे पेटीवर सालाचे आकडे उलटे छापले : ९८८१ म्हणजे १८८९, आणि त्यापुढचे अक्षर महिन्याचे. आमच्या पेटीत कागदाचा मागमूस नव्हता. तिचे मुख्य अंग हलक्या लाकडावर अक्रोडाचा पातळ पापुद्रा चढवून केलेले होते. वरचे नक्षीदार शिखर तेवढे भरीव सागवानाचे होते. म्हणजे पेटी बाहेरून आली आणि शिखर नंतर इथल्या सुताराने करून बसवले. दाराच्या बिजागरीला चौफुली खाचेचे स्क्रू होते. असे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले, त्यामुळे बिजागरीही नंतरची. मूळ काय आणि जोड काय, याची अशी वर्गवारी त्यांनी यंत्राला हात लावण्याआधीच केली.

यंत्र बाहेर काढल्यावर जे वाचन झाले, ते या सेवेचे सर्वोत्तम अंग आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

नाव नसलेल्या यंत्राचा देश ठरवताना पहिला प्रश्न असतो तो प्लेटांच्या घडणीचा. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकन यंत्राच्या प्लेटा पत्र्यातून छापून काढलेल्या, मधे मोठमोठी खिडक्यांसारखी भोके ठेवलेल्या असतात. स्प्रिंगा उघड्या असतात, त्यांचे बाहेरचे टोक आकड्यासारखे वळवून खांबात अडकवलेले असते. पिनियन (मोठ्या चाकाशी जुळणारे लहान दातेरी चाक) बहुधा दोन चकत्यांमध्ये पोलादी तारा बसवून केलेले, म्हणजे कारागीर ज्याला लँटर्न पिनियन म्हणतात तसे असतात. आणि लंबक बहुतेक वेळा यंत्राच्या पुढच्या अंगाने, तबकडीच्या बाजूला लोंबतो. जपानच्या सेकोशा कारखान्याने १८९२पासून भिंतीवरची घड्याळे करायला घेतली तेव्हा याच अमेरिकन नमुन्यांचा आधार घेतला आणि ब्लॅक फॉरेस्टमधल्या जर्मन कारखान्यांनीही त्याआधीपासून स्वस्त मालासाठी तेच केले. त्यामुळे केवळ खिडक्यांची प्लेट दिसली म्हणून अमेरिकन असे म्हणता येत नाही. फ्रेंच यंत्र याच्या अगदी उलट. त्याच्या प्लेटा बहुधा गोल, भरीव आणि नाजूक, स्प्रिंगा बंद बॅरलमध्ये, म्हणजे गोल डबीत, पिनियन एकसंध पोलादातून कापलेले व अतिशय सुबक असतात. इंग्लिश यंत्राच्या प्लेटा जाड व आयताकृती, खांब भक्कम आणि बहुधा फ्युझी ठरलेली.

आमच्या यंत्राच्या प्लेटा भरीव आणि आयताकृती होत्या, दोन्ही स्प्रिंगा बॅरलमध्ये बंद होत्या, पिनियन कापलेले होते, लंबक मागच्या अंगाने लोंबत होता आणि टोले गुंडाळलेल्या पोलादी तारेच्या गाँगवर पडत होते. टोल्यांची व्यवस्था रॅकची होती. जुन्या पद्धतीत टोल्यांची संख्या काउंट व्हील नावाच्या खाचांच्या चाकावर ओळीने ठरलेली असते. काटे हाताने पुढे सरकवले आणि टोले पूर्ण होऊ दिले नाहीत, तर घड्याळ चारला सात ठोकू लागते. रॅकच्या पद्धतीत तासाच्या काट्याबरोबर फिरणारी पायऱ्यापायऱ्यांची चकती दर वेळी किती टोले द्यायचे ते ठरवते, त्यामुळे काटे आणि टोले यांची फारकत होत नाही. हे सारे गुण एकत्र धरले तर घडण जर्मन ठरते, तीही स्वस्त मालाची नव्हे.

पण जर्मन म्हणजे कोणाची? मागची प्लेट कोरी होती. त्यांनी पुढची प्लेट तपासली; ती तबकडीमागे झाकलेली असते, त्यामुळे घाईत पाहणारे तिच्याकडे बघतच नाहीत. बॅरलची झाकणे, गाँगच्या बिडाच्या बैठकीची खालची बाजू, लंबकाच्या गोळ्याची पाठ आणि शेवटी स्प्रिंगांची बाहेरची टोके, या सर्व जागा एकेक करून पाहिल्या. श्राम्बर्गच्या युंगहान्सचा आठ टोकांचा तारा, हॅम्बर्ग अमेरिकन कंपनीचे एकमेकांना छेदणारे दोन बाण, सायलेशियातल्या फ्रायबुर्ग येथील गुस्ताव बेकरची आद्याक्षरे, यांपैकी काहीही मिळाले नाही. युंगहान्सच्या २०व्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक यंत्रांवर बी १० यासारखा छोटा संकेत असतो आणि त्याचा अर्थ १९१०चा उत्तरार्ध असा होतो, तोही नव्हता. सापडले ते एकच : गाँगच्या बैठकीवर डी. आर. जी. एम. ही चार अक्षरे.

ही अक्षरे कारखान्याचे नाव सांगत नाहीत, पण काळ सांगतात. जर्मन साम्राज्यात पेटंटाहून कनिष्ठ दर्जाची, उपयुक्त नमुन्याची जी नोंदणी होती, तिची ती खूण आहे आणि ती नोंदणी १८९१मध्ये सुरू झाली. गाँग त्यापूर्वीचा असू शकत नाही. मात्र गाँग बदललेला असला तर घड्याळाविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून घड्याळजींनी बैठक काढून फळी दाखवली. जुन्या स्क्रूंची जास्तीची भोके नव्हती, बैठकीखालचे लाकूड आजूबाजूच्या लाकडापेक्षा उजळ होते आणि त्या उजळ भागाची कड बैठकीच्या कडेशी तंतोतंत जुळत होती. गाँग पेटीइतकाच जुना आहे, हे मला पटले.

दुसरी मर्यादा मागच्या प्लेटच्या आतल्या अंगाला मिळाली. तिथे सुईने कोरलेली दोन आद्याक्षरे होती आणि पुढे १२/१७ असे आकडे. यंत्र उघडून साफ करणारे कारागीर अशी नोंद ठेवत. पुढच्या वेळी तेच घड्याळ आले तर मागची सफाई कधी झाली ते कळावे, हा त्यामागचा हेतू. गाँग १८९१नंतरचा असल्याने १७ म्हणजे १९१७ असेच वाचावे लागते. डिसेंबर १९१७मध्ये हे घड्याळ कोणाच्या तरी हाताखाली साफसफाईसाठी उघडले होते, म्हणजे ते त्याआधी तयार झाले. शिवाय ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश साम्राज्यात जर्मन मालाची आवक थांबली. अशा रीतीने कोऱ्या प्लेटवरूनही १८९१ ते १९१४ हा २३ वर्षांचा टप्पा निश्चित झाला.

टिपणाचे शेवटचे वाक्य असे आहे : ‘घडण जर्मन, काळ १८९१ ते १९१४, कारखाना सांगता येत नाही.’ या वाक्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. बाजारात अशा घड्याळाला सरसकट गुस्ताव बेकरचे नाव चिकटवले जाते, कारण त्या नावाला किंमत येते. इथे त्यांना तसे लिहून मला खूश करता आले असते आणि मला ते खोडूनही काढता आले नसते. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे नाहीत म्हणून घड्याळ फार जुने, असा उलटा तर्कही त्यांनी केला नाही. ब्रिटनमध्ये १८८७च्या आणि हिंदुस्थानात १८८९च्या व्यापारचिन्हविषयक कायद्यानंतर मालावर देशाचे नाव घालण्याची पद्धत रूढ झाली हे खरे, परंतु ते नाव तबकडीवर, पेटीवर किंवा चिकटवलेल्या कागदावरही असू शकत होते, आणि आमची तबकडी तर कागदाखाली गेलेली होती. खुणेचे असणे जितके सांगते, तितके तिचे नसणे सांगत नाही, हा विवेक त्यांच्या कामात सर्वत्र दिसतो.

याच तपासणीत एक व्यावहारिक प्रश्नही सुटला. हे घड्याळ कितीही जुळवले तरी तासाला सुमारे तीन मिनिटे पुढे जाई. लंबकाखालचा नट शेवटपर्यंत उतरवूनही उपयोग होत नसे. यापूर्वी ज्यांना दाखवले होते, त्यांनी यंत्र झिजले आहे असे सांगितले होते. या घड्याळजींनी दाते मोजले. मधले चाक तासाला एक फेरा घेते. त्याला ८० दाते आणि ते ज्या पिनियनला फिरवते त्याला ८, म्हणजे पुढचे चाक तासाला १० फेरे घेणार. त्या चाकाला ७२ दाते आणि त्यापुढच्या पिनियनला ८, म्हणजे एस्केप व्हील, लंबकाच्या प्रत्येक झोक्याला थोडे थोडे सुटणारे शेवटचे चाक, तासाला ९० फेरे घेणार. एस्केप व्हीलला ३० दाते आणि प्रत्येक दात दोन ठोके देतो, म्हणजे तासाला ५४००, मिनिटाला ९० ठोके. मिनिटाला ६० ठोके देणारा लंबक सुमारे ९९ सेंटीमीटरचा असतो आणि लांबी ठोक्यांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्या हिशेबाने या यंत्राला सुमारे ४४ सेंटीमीटर परिणामकारक लांबीचा (टांगणीपासून साधारण गोळ्याच्या मध्यापर्यंत) लंबक हवा. आमच्याकडे होता तो ४० सेंटीमीटरच्या आसपासचा. तो कोणत्या तरी दुसऱ्या घड्याळाचा होता आणि यंत्र बिचारे निर्दोष होते. ४० आणि ४४ यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढले तर फरक जवळजवळ पाच टक्क्यांचा, म्हणजे तासाला तीन मिनिटांचाच येतो.

हा हिशेब पाहताना मला फार आनंद झाला, हे मोकळेपणाने सांगतो. चाकांचे दाते कोणी पुसू शकत नाही आणि यंत्र कोणत्या लंबकासाठी घडवले होते, हे कुठलेही नाव नसताना ते सांगतात. काही जर्मन प्लेटांवर लंबकाची लांबी सेंटीमीटरमध्ये कोरलेलीही असते. ती असली तर काम सोपे होते, पण नसली तरी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत हेच उत्तर मिळते. निनावी यंत्राच्या ओळखीचा दावा करणाऱ्या प्रत्येकाने दाते मोजायला हवेत, असे माझे मत आहे, कारण पेटी, यंत्र आणि लंबक हे तिन्ही मुळात एकत्र होते की नाही, हे त्यावरून लगेच कळते. ४४ सेंटीमीटरचा लंबक या पेटीच्या काचेमागे नीट मावतो, हेही त्यांनी मोजून पाहिले. मावला नसता तर पेटी परकी ठरली असती.

आता मावशीच्या घड्याळाविषयी. यंत्र गोल प्लेटांचे, फ्रेंच, याबद्दल शंका नाही. मागच्या प्लेटच्या तळाशी एक क्रमांक आणि त्याजवळ ४ ६ असे दोन सुटे आकडे होते. हे दोन आकडे लंबकाची लांबी सांगतात : ४ पूस आणि ६ लिन्य (पूसचा बारावा भाग), म्हणजे जुन्या फ्रेंच इंचांत साडेचार, आपल्या मापात सुमारे १२ सेंटीमीटर. हे घड्याळजींनी बरोबर ओळखले. लंबकाच्या गोळ्यामागे खोदलेला क्रमांक प्लेटवरच्या क्रमांकाशी जुळत नसल्याने लंबक बदललेला आहे, हेही टिपणात आहे. इथपर्यंत सारे उत्तम.

पुढे मात्र त्यांनी लिहिले आहे, ‘पॅरिस, १८५०च्या सुमारास’. आधार म्हणून दिली आहे ती लंबकाच्या टांगणीची पद्धत. तबकडीवर बाराच्या आकड्याजवळ एक छोटे चौकोनी टोक आहे; त्यात लहान चावी घालून फिरवली की टांगणीची पोलादी पट्टी कमीजास्त होते आणि घड्याळ मागेपुढे करता येते. ही पॅरिसचे घड्याळजी ब्रोको यांची पद्धत १९व्या शतकाच्या मध्यास आली आणि तिच्यामुळे रेशमी दोऱ्याची जुनी टांगणी मागे पडली, एवढे खरे. परंतु हीच पद्धत पुढे शतक उलटून जाईपर्यंत वापरात होती. म्हणजे घड्याळ त्या पद्धतीच्या आधीचे नाही, एवढेच तिच्यावरून ठरते. घड्याळ १८५०चे आहे असे तिच्यावरून म्हणता येत नाही. त्यातच यंत्र रॅकचे आहे. फ्रेंच टेबल घड्याळांत काउंट व्हील १९व्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत सर्रास आढळते आणि रॅक त्यानंतर अधिकाधिक दिसू लागतो. काळ्या दगडाच्या पेट्यांचा भरही उत्तरार्धातलाच. या सर्वांवरून मी तरी घड्याळ शतकाच्या शेवटच्या टप्प्यात ठेवीन.

‘पॅरिस’ या शब्दालाही माझी हरकत आहे. फ्रेंच गोल यंत्रांचे कच्चे सांगाडे मुख्यतः नॉर्मंडीतल्या सें-निकोला-दालिएरमाँ येथे आणि पूर्वेकडे बोकूर व माँबेल्यार या भागात तयार होत. जापी घराण्याचा मोठा कारखाना बोकूरचा. तिथून ते पॅरिसला येत, तिथे त्यांना अखेरचा हात दिला जाई, पेटीत बसवले जाई आणि तबकडीवर पॅरिसच्या दुकानाचे नाव येई. निनावी यंत्राबाबत ‘फ्रान्स’ इतकेच लिहिणे उचित होते. हे मी त्यांच्यापाशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, टिपण परत मागितले, १८५० खोडून ‘१९व्या शतकाचा उत्तरार्ध’ असे लिहिले आणि खाली तारीख घालून सही केली. पॅरिस हा शब्द तसाच राहिला. जर्मन व अमेरिकन यंत्रे त्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेली आहेत, फ्रेंच त्या मानाने थोडी. हा अनुभवातला फरक टिपणात दिसतो. ज्यांचे घड्याळ फ्रेंच आहे, त्यांनी हे लक्षात ठेवून दुसरे मतही घ्यावे.

सेवेच्या आणखी काही उणिवा आहेत. छायाचित्रे दिली जात नाहीत. एवढी बारकाईची तपासणी होते, पण डी. आर. जी. एम.ची अक्षरे, १२/१७ची खूण, तबकडीखालचा मूळ पत्रा, हे सारे यंत्र पुन्हा पेटीत बसल्यावर दिसेनासे होते आणि मालकाच्या हाती केवळ शब्द उरतात. मी उभा राहून मोबाईलवर फोटो काढले म्हणून ते माझ्याकडे आहेत. बाहेरगावच्या ग्राहकाला ती सोय नाही. घड्याळ ठेवून घेताना दिलेल्या पावतीवर ‘जुने घड्याळ एक’ इतकेच लिहिलेले असते. चावी, लंबक, गोळा, शिखर यांची यादी तिथे हवी. काम कधी होईल याचा भरवसा नाही; फोन केल्यास “होतंय, सवड मिळेल तसं,” असे उत्तर मिळते. टिपणाचे अक्षर सुंदर आहे, पण प्रत एकच असते आणि मागितल्याशिवाय तिची झेरॉक्स मिळत नाही.

मोबदला एका घड्याळाला ८०० रुपये आहे आणि पुढे सफाई-दुरुस्ती त्यांच्याकडेच केली तर तो त्या रकमेतून वजा होतो. पूर्ण यंत्र उघडून, दाते मोजून, पेटीसुद्धा तपासून मिळणाऱ्या टिपणाच्या मानाने हा दर मला कमीच वाटतो. घड्याळाची बाजारातली किंमत सांगायला ते स्वच्छ नकार देतात. काही ग्राहकांना हे आवडणार नाही, पण मला त्यात शहाणपण दिसते. जो ओळख पटवतो त्यानेच किंमत ठरवली, की ओळखीवरही त्या किमतीचे वजन पडू लागते.

दुरुस्तीचा भाग या अभिप्रायाचा विषय नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यात. भिंतीवरच्या घड्याळाची सफाई झाली, झिजलेल्या दोन भोकांना बुश (छोट्या पितळी कड्या) बसवले आणि बुश बसवताना मागच्या कारागिराची १२/१७ची खूण जपली. त्याखाली त्यांनी स्वतःची तारीखही तशीच बारीक कोरली आहे. प्लेट चकचकीत केलेली नाही, तबकडीवरचा नवा कागद माझ्या सांगण्यावरून तसाच ठेवला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या आद्याक्षरांची सवय आहे आणि मूळ पत्रा खाली सुरक्षित आहे. योग्य लांबीचा लंबक मात्र त्यांच्याकडे नव्हता. जुना शोधत बसण्यापेक्षा लाकडी दांडीचा नवा करून घ्या, असा सल्ला त्यांनी दिला, कारण वाळलेले, पॉलिश केलेले लाकूड उष्णतेने पितळेपेक्षा फार कमी वाढते. मी तो करून घेतला असून त्यामागे तो नवा असल्याची नोंद त्यांनी स्वतःहून लिहून दिली आहे. घड्याळ आता आठवड्यात दोन-तीन मिनिटांच्या फरकाने चालते.

जे कोणी आपल्याकडचे निनावी घड्याळ अशा तपासणीसाठी कुठेही देणार असतील, त्यांनी घड्याळजींना तीन गोष्टी आधी विचाराव्यात : तबकडी काढून पुढची प्लेट पाहणार का, चाकांचे दाते मोजणार का, आणि मूळ भाग व नंतरची जोड टिपणात वेगवेगळी लिहिणार का. होकार मिळाल्यास घड्याळ सोपवावे, निघण्यापूर्वी लंबक आणि चावी यांची नोंद पावतीवर करून घ्यावी आणि यंत्र उघडेल त्या दिवशी शक्य असल्यास स्वतः हजर राहावे.